दिगूबुवांनी गिळलेली ओळ

देऊळवाडीत दिगूबुवा घाडी आणि सदाबुवा मुणगेकर यांच्या वैराला जेवढी ख्याती होती, तेवढी तिथल्या पोफळीच्या बागांनाही नव्हती. वैर म्हणजे स्टेजवरचं. डबलबारी म्हटली की दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात. दोघांच्या पेट्या वेगळ्या, पखवाज वेगळे, कोरस वेगळा. पाळीपाळीने अभंग, गवळण, गजर म्हणायचे आणि म्हणता म्हणता समोरच्याला चिमटे काढायचे. त्याचा चुकलेला सूर, त्याचा सदरा, त्याची जुनी फजिती, काहीही चालतं. चालत नाही ते एकच, गप्प बसणं. टोमण्याला उत्तर न देता जो गप्प बसला, तो हरला.

या हिशेबाने चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणीच हरलं नव्हतं. सदाबुवांनी दिगूबुवांच्या आवाजाला रॉकेलच्या स्टोव्हची उपमा द्यायची, दिगूबुवांनी सदाबुवांच्या टकलावर कडवं रचायचं, आणि बारी सुटली की दोघांनी एकाच रिक्षात बसून, आज कुणाचा चिमटा किती खोल गेला याचा जमाखर्च मांडत घरी जायचं. लोकांना वाटे, भांडतायत. खरं तर ते एकमेकांना शाबासकी देत असत. द्यायची रीत तेवढी वाकडी होती.

मग सदाबुवांची बायको वारली आणि मुलगा नीलेश त्यांना ऑकलंडला घेऊन गेला.

दिगूबुवांसमोर तरुण बुवा बसवून पाहिले. एकाला त्यांनी त्याच्या मिशीवरून बरंच काही सुनावलं, तर तो हात जोडून म्हणाला, आपला आशीर्वाद समजतो. "असल्यावांगडा कसली बारी करूची?" दिगूबुवा घरी येऊन करवादले आणि त्यांनी पेटीवर चादर घातली ती घातलीच.

त्याचा भुर्दंड त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना पडला. "ह्यांचे भायरचे टोमणे बंद झाले, आता सगळो माल घरात उतरता," त्या मुलीला म्हणाल्या. "आमटीवर कडवा, चादरीवर कडवा. तेजल, तू येवढी शिकलंस, काय तरी कर गो."

तेजल सर्व्हर उभे करायची. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करता येतं म्हणून ती गावी परतली होती, आणि वडिलांना ती नेमकं काय करते हे अजून समजावता आलं नव्हतं. या वेळी तिने पेटीवर बसूनच सुरुवात केली.

"साधी वेबसाइट म्हणजे दुकानाचं दार, बाबा. गिऱ्हाईक येऊन टकटक करतं, हवं ते मागतं, दुकानदार देतो, दार बंद. पुन्हा काही हवं तर पुन्हा टकटक. सॉकेट म्हणजे एकदा उघडलेलं दार. ते बंदच होत नाही. दोन्ही बाजूंनी कुणीही कधीही बोलावं."

"म्हणजे सदाचा घर," दिगूबुवा म्हणाले. "आणि तू आधी पेटीवरना खाली उतर."

उघडं दार करणं अवघड नव्हतं. दोन आठवड्यांत तिने सर्व्हर बसवला, गावच्या सभामंडपासाठी एक खोली आणि ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या हॉलसाठी एक खोली तयार केली, आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या. अडचण निराळी होती. आवाज समुद्राखालच्या काचेच्या तारांतून तिकडे जाऊन परत येईपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा खर्ची पडायचा. बोलण्याला तेवढी उसंत चालते, पखवाजाला चालत नाही. देऊळवाडीची सम ऑकलंडला पोचेपर्यंत तिथला कोरस पुढच्या मात्रेवर गेलेला असायचा. पहिली तालीम ऐकून सुनंदाबाईंनी विचारलं, भांडी कोणाची पडली.

वेग वाढवणं शक्य नव्हतं. प्रकाशाला घाई करता येत नाही. म्हणून तेजलने सर्व्हरला 'चाहूल' जोडली.

दूरच्या गावातल्या रोग्यावर शहरात बसून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी ती प्रथम बनवली होती; नंतर गाणाऱ्यांनी उचलली. कल्पना साधी होती. आवाज फुटण्याच्या आधी माणसाचा गळा तयारीला लागतो. जीभ, जबडा, स्वरयंत्र यांचे स्नायू अर्धा सेकंद आधीच आखडू लागतात. गळ्यात एक मऊ पट्टा घातला की तो ही तयारी वाचतो. त्या माणसाची जुनी भजनं आधी ऐकवून ठेवलेली असली की या तयारीवरून कुठला शब्द येतोय हे यंत्र ओळखतं आणि तो शब्द आवाजाच्या आधीच पुढे पाठवून देतं. पलीकडचं यंत्र त्याच माणसाच्या आवाजात तो शब्द वेळेवर म्हणतं. खरा आवाज मागाहून पोचतो आणि अंदाज चुकला असेल तर तिथल्या तिथे ठिगळ लावलं जातं; झांजांच्या गलक्यात ते कुणाला कळतही नाही.

"ह्यो पट्टो कित्याक? माका काय कुत्रो समजलंस?" दिगूबुवांनी विचारलं.

"सदाकाकांनी घातलो, बाबा."

"तेका शोभता," असं म्हणून त्यांनी मान पुढे केली.

तालमी सुरू झाल्या आणि घरातली आमटी पुन्हा निर्धास्त झाली. पडद्यावर सदाबुवा दिसले की दिगूबुवांचं वय दहा वर्षांनी खाली यायचं. सम समेवर पडायला लागली. एकच त्रास उरला. वारा सुटला की गावचं नेट डुलक्या घ्यायचं, ऑकलंडला चित्र थिजायचं आणि मध्येच आवाजाला भोक पडायचं.

"दिगू, तुझो आवाज मदीच तुटता," सदाबुवा म्हणाले. "तसो तुटल्यार बरोच वाटता म्हणा."

तेजलने वडिलांना विचारलं, "गळ्याने तयारी केली आणि पुढे आवाजच आला नाही, तर सर्व्हरने काय समजायचं? तार तुटली, की गाणारा थांबला?"

"बारीत गाणारो थांबता कधी गो? थांबलो तो मेलो."

हे तिला पटलं. लहानपणापासून तिने शेकडो बाऱ्या ऐकल्या होत्या आणि तोंड उघडलेला बुवा गप्प राहिलेला कधी पाहिला नव्हता. तिने नियम घातला: गळा तयार आणि आवाज नाही, तर दोष तारेचा, यंत्राने अंदाजाने कडवं पुरं करावं. हा नियम दुसऱ्या कुठल्या गावात कुणी घातला नसता. डबलबारीच्या गावातच तो शहाणपणाचा वाटला.

जत्रेतली बारी सकाळी अकराला ठेवावी लागली, कारण तेव्हा ऑकलंडला संध्याकाळ असते. देऊळवाडीच्या इतिहासात डबलबारीला लोक प्रथमच आंघोळ करून आले. पखवाजवाला दामू तर नाश्ता करूनही आला होता आणि त्याचा ठेका त्या मानाने जड पडत होता. पण दोघे बुवा तापले. अभंग झाले, टक्कल झालं, स्टोव्ह झाला. दोन्हीकडचे लोक टाळ्या देत होते आणि तेजल लॅपटॉपसमोर बसून मनातल्या मनात स्वतःला मार्क देत होती.

मग सदाबुवांनी त्यांची ती गवळण घेतली. 'आज कुणी ना अडविली वाट, घागर जड का झाली.' याच गवळणीने पहिल्याच बारीत त्यांचं नाव झालं होतं आणि दिगूबुवा समोर असले की ते ती घेतल्याशिवाय उठत नसत. गवळण संपली. सदाबुवांनी पेटीवर दोन सूर धरून ठेवले आणि म्हणाले, "दिगूबुवा, ह्या वयात तरी अशी एक गवळण रचा. शब्द जुळवूक येनत नसतीत तर नुसती पेटी वाजवा, लोकांका झोप तरी लागात."

मंडप हसला. दिगूबुवा पुढे वाकले, तोंड उघडलं, आणि थांबले.

बोटं पेटीवर चालत राहिली. एक अख्खं कडवं होईल एवढा वेळ नुसती पेटी वाजली. मग त्यांनी मान झटकली आणि टकलावरचंच एक जुनं कडवं म्हणून टाकलं. मंडपात लोकांना वाटलं, ठसका लागला असेल.

पडद्यावर सदाबुवांचे हात पेटीवर नुसते ठेवलेले दिसले. त्यांनी बाजूला बसलेल्या नीलेशकडे पाहिलं, मग समोरच्या लोकांकडे. ते उठले. रिकामी गादी थोडा वेळ दिसत राहिली, आणि मग कुणीतरी तिकडून दार लावलं.

गावाने निकाल दिला: सदाबुवा उत्तर न देता उठले, दिगूबुवा जिंकले. चाळीस वर्षांतला पहिलाच विजय, आणि विजयी वीर घरी येऊन जेवले नाहीत. "नेट नसात तेच्याकडे," म्हणून त्यांनी दोनदा फोन लावला. "झोपलो आसात," म्हणून तिसऱ्यांदा. पुढचे दोन दिवस त्यांनी आमटीला काही म्हटलं नाही, तेव्हा सुनंदाबाईच घाबरल्या.

तेजलने सर्व्हरवरची नोंद उघडली. एका बाजूला माईकने ऐकलेलं होतं, दुसऱ्या बाजूला ऑकलंडला पाठवलेलं. दोन्ही बरोबरीने चाललं होतं. जिथे दिगूबुवा थांबले, तिथे माईकमध्ये नुसती पेटी होती, आणि ऑकलंडला त्यांच्याच आवाजात, खणखणीत, दोन ओळी गेल्या होत्या:

ज्या गवळणीवर नाव कमविले, ती रे रचली कोणी?
दूध दुजाचे, डेरा दुजाचा, तुझ्याच ओठी लोणी.

तिने ते वडिलांना ऐकवलं. ऐकताना दिगूबुवांचा हात पट्टा नसलेल्या गळ्याकडे गेला.

"बाबा, ह्या तुम्ही म्हटलात?"

"आवाज माझो. म्हटलंय नाय."

"मग खरा काय? गवळण तुमची?"

"खोटा ता. मशीनीन बनवल्यान. तसाच सदाक सांग. मशीन बिघडला म्हणान सांग."

"मशीन मनाने कडवी रचणा नाय, बाबा." तिने मागच्या तालमींच्या नोंदी उघडल्या. गाणं मनातल्या मनात म्हटलं तरी गळा किंचित हलतो आणि पट्ट्याला तेवढं पुरतं. प्रत्येक तालमीत, सदाबुवांनी गवळण सुरू केली की दिगूबुवांच्या गळ्यात याच दोन ओळी, याच चालीत, बिनआवाजाच्या चालल्या होत्या आणि शेवटी विरून गेल्या होत्या. चाहूलने त्या त्यांच्या नेहमीच्या मालात जमा करून टाकल्या होत्या.

"मनातला मोजूक तुका कोणी सांगितला?" दिगूबुवा शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"माका तरी सांगूचा होतास," सुनंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "येवढी वर्सां संसार केलंय."

"तुका सांगलंय असता तर वाडीक ध्वनिक्षेपक लावूक लागलो नसतो." मग ते खाली बसले. "पयली बारी होती तेची. तेच्याकडे गळो होतो, शब्द नव्हते. एसटीची वाट बघताना मी दिली. फोंड्यापर्यंत तेना पाठ केल्यान. झाला."

"आणि नंतर कधी सांगलात नाय?"

"सांगून तेचा काय रवला असता?"

तेजल लॅपटॉपकडे बघत राहिली. माणसाच्या तोंडाशी काय येतं ते तिच्या सर्व्हरने चोख टिपलं होतं. ते तो परत आत ढकलतो, याला तिने जागाच ठेवली नव्हती. वडील ज्या क्षणी सर्वांत चांगले वागले होते, तो क्षण तिच्या नोंदीत तारेचा बिघाड म्हणून जमा होता.

तिने ऑकलंडला फोन लावला. नीलेशने उचलला. "बाबा पेटीला हात लावत नाहीत गं," तो म्हणाला. "हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. लोक तोंडावर काही विचारत नाहीत, पण बघतात. मीही विचारलं, हे खरं का? तर म्हणाले, दिगू खोटं बोलत नाही, आणि खोलीत जाऊन बसले."

"काकांना दे."

बऱ्याच वेळाने सदाबुवांचा आवाज आला. "बोल गो बाय."

वडिलांनी पढवलेलं वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं: मशीन बिघडलं, काका. तेवढं म्हटलं की सगळं मिटणार होतं. हॉलमधले लोक गप्प होणार होते, नीलेश गप्प होणार होता, वडील जेवणार होते. पण ज्या माणसाने मुलासमोर दिगू खोटं बोलत नाही म्हणून सांगितलं, त्याच्याशी दिगूच्या नावाने खोटं कसं बोलायचं, हे तिला जमेना.

"काका, बाबा ते बोललेच नाहीत. तोंड उघडलं आणि गिळून टाकलं. माझ्या मशीनने ते त्यांच्या घशातून ओढून तुमच्याकडे पाठवलं. आणि हे पहिल्यांदा नाही. तुम्ही ती गवळण घेतली की दर वेळी ते आतल्या आत हेच म्हणतात, आणि दर वेळी गिळतात."



"म्हणजे आठवता तेका," सदाबुवा म्हणाले. "माका वाटलेला इसरलो. म्हणान मी दर बारीक तीच गवळण घेय, बुद्द्याम तेच्यासमोर. म्हटला, आज तरी चिडात, आज तरी बोलात. बोललो की आमचो हिशेब मिटलो. तो मेलो टकलावर घसरता." ते थोडं हसले. "त्या दिवशी ऐकलंय तेवां लाज वाटली माका, झिला-नातवांसमोर. पण खरा सांगू? वायच सुटल्यासारखा पण झाला. आणि आता तू सांगतंस, बोललोच नाय."

"बाबा सांगतायत, मशीन बिघडलं म्हणून सांगा सगळ्यांना."

"तेचो बापूस बिघडलो. उद्या लाव तुझा ता दार. दोनीकडची माणसा बोलव."

"चाहूल लावू?"

"नको. मी बोलतलंय ताच जावंदे. नाय बोललंय ता नको."

"मग ताल जमणार नाही, काका."

"बोलूक खंय ताल लागता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडप भरला. बोलावणं दहा जणांना गेलं होतं, पण देऊळवाडीत दहा जणांना सांगणं म्हणजे वाडीला सांगणंच. तेजलने पट्टा काढून ठेवला होता आणि तो नियमही पुसून टाकला होता. चाहूल विकणाऱ्या कंपनीला तिने कळवलं होतं की गाणारा थांबला तर थांबलेलं पोचवायला हवं. त्यांचं उत्तर आलं होतं की गिऱ्हाइकांना शांतता आवडत नाही. तिने त्यांच्याशी वाद घातला नव्हता. फक्त आपल्या सर्व्हरवरून त्यांना उतरवलं होतं.

पडद्यावर सदाबुवा धुतलेल्या सदऱ्यात बसले होते, शेजारी नीलेश, मागे मंडळाची माणसं. त्यांनी पेटी मागितली नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "माझी ती गवळण माझी न्हय. शब्द दिगंबर घाडीचे. मी आजपर्यंत सांगूक नाय, ह्यो माझो दोष. तेनापण सांगूक नाय, ह्यो तेचो मोठेपणा. दिगू, आता हिशेब मिटलो."

सगळे दिगूबुवांकडे बघू लागले. दिगूबुवांचा चेहरा, समोरून हार घालायला कुणी आलं की होतो, तसा अवघडला होता.

"मोठेपणा खंयचो?" ते म्हणाले. "आता तू येवढा बोललंस तर माका पण बोलूक होया. सदा, ती गवळण मी तुका देवच्या आधी मीच म्हटलंय होती. कणकवलीक. तुका म्हायत नाय. मी गवळण सुरू केलंय आणि माणसा उठली. चाय पिऊक गेली, ती परत येवकच नाय. शेवटच्या कडव्याक मी, पखवाजवालो आणि एक कुत्रो. म्हणान दिलंय तुका. माझ्याकडे पडान कुजतली, त्यापरास तुझ्याकडे जावंदे. आणि तू म्हटलंस तर लोकांनी डोक्यार घेतल्यानी. आता मी सांगू कसा, गवळण माझी? माका कोणीतरी इचारला असता, मग तू म्हटलंस तेवां काय झाला?"

सदाबुवा पडद्यावरून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. "खोटा बोलतंस. माका बरा वाटूचा म्हणान बोलतंस."

"खोटा कित्याक बोलू?"

"चाय पिऊक गेली म्हणे. अशी गवळण टाकून माणसा उठतीत काय रे?"

तेजललाही शंका आली. वडिलांना हे जमलं असतं. शब्द त्यांना नेहमीच वेळेवर सुचत. पट्टा लावलेला असता तर ही हकीकत त्यांच्या गळ्यात जुनी होती की आत्ताच घडली, याचा काही अंदाज आला असता. पट्टा पिशवीत होता आणि तिला तो तिथे असलेला बरा वाटला.

"मग म्हणान दाखय," सदाबुवा म्हणाले. "आता म्हण. बघूया."

दिगूबुवांनी पेटी ओढली. दामूने पखवाज घेतला. 'आज कुणी ना अडविली वाट' अशी पहिली ओळ आली, आणि ती चुकली नाही, बेसूर झाली नाही. शब्द तेच होते, चाल तीच होती. दिगूबुवा डोळे मिटून, जीव तोडून, प्रत्येक शब्द स्वच्छ लावत गात होते. ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्या तोंडून वाडी ते प्रथमच ऐकत होती, आणि वाडीचे कान आदराने टवकारलेले होते.

पहिलं कडवं संपलं. मागच्या रांगेतले दोघे उठले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर एक बाई पोराला घेऊन उठल्या, त्यांच्यामागून त्यांची जाऊ उठली. खांबाजवळच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं, चपला शोधल्या आणि ती हळूच बाहेर सरकली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. देवळाबाहेरच्या टपरीवर किटली चढली होती एवढंच.

पडद्यावरून सदाबुवांचं हसू उशिरा पोचलं. आधी त्यांनी तोंडावर पंचा धरला, मग तो खाली पडला. नीलेश त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि स्वतःही हसत होता.

"बसा रे मेल्यांनो," सदाबुवा ओरडले, डोळे पुसत. "कडवा संपूक नाय अजून."

दिगूबुवांनी एक डोळा उघडला, मंडप किती रिकामा झाला ते पाहिलं आणि पेटी न थांबवता, मोठ्या समाधानाने म्हणाले, "जावंदे रे तेंका. चाय थंड होतली." आणि तिसरं कडवं घेतलं.

तेजललाही, खरं सांगायचं तर, चहा हवा होता. ती बसून राहिली.